माझ्या मापाचं काम

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. दुकानांना लोखंडी शटर असतं ना, त्याच्या आडव्या पट्ट्या बनवणं हे माझं काम. माझा हिरवा रंग बराचसा उडाला आहे आणि एका अंगाला गंजाचे डाग पडले आहेत. सध्या मी ठाण्याला, कोपरीतल्या एका अरुंद गाळ्यात उभी असते. पण मी मूळची इथली नाही. मी डोंबिवलीची. तिथली आठवण आली की बंद असतानाही माझी बेअरिंगं फिरतात की काय असं मला वाटतं.

मी काम कसं करते ते आधी सांगते. माझ्या एका टोकाला पत्र्याचं मोठं गुंडाळं टांगतात. त्या पत्र्याचं तोंड माझ्या रोलरच्या पहिल्या जोडीत देतात. खालचा रोलर आणि वरचा रोलर मिळून पत्र्याला थोडंसं वाकवतात. पुढची जोडी अजून थोडं वाकवते. असं करत करत शेवटच्या जोडीतून पत्रा बाहेर येतो तेव्हा त्याची पट्टी झालेली असते. मधोमध फुगीर आणि दोन्ही कडांना गोल आकडे. एका पट्टीचा आकडा दुसरीच्या आकड्यात सरकवला की पट्ट्या एकमेकींना धरून बसतात, आणि त्यांचं शटर होतं. मी पत्र्याला ठोकत नाही की घाई करत नाही. एकदम वाकवायला गेलं तर पत्रा फाटतो.

मला ज्यांनी बनवलं ते हरिहरराव एका कंपनीत इंजिनियर होते. त्यांच्या पत्नी सुमतीबाई यांचं डोंबिवली पूर्वेला लोकरीचं छोटं दुकान होतं. त्या दुकानाचं शटर जाड पत्र्याचं, फार जड. रोज सकाळी सुमतीबाईंना शेजारच्या दुकानदाराला हाक मारावी लागे. एके दिवशी तो आलेला नव्हता. त्यांनी एकटीनं शटर उचललं, ते अर्ध्यावरून घसरलं आणि त्यांचं मनगट चांगलंच दुखावलं.

संध्याकाळी हरिहररावांनी सुमतीबाईंच्या हाताला बांधलेलं फडकं पाहिलं.

"तुला एका हातानं उचलता येईल असं शटर करतो," ते म्हणाले.

"करा," सुमतीबाई म्हणाल्या. "तोवर कुकर तुम्ही लावा."

हे सगळं मी पुढे त्यांच्याच तोंडून ऐकलं. मी तेव्हा नव्हतेच. कारण हरिहररावांनी आधी मशीनचा विचारच केला नाही. त्यांनी आधी पट्टीचा विचार केला. पातळ पत्रा घेतला तर शटर हलकं होईल, पण कुणी जोरात ढकललं तर पट्ट्या एकमेकींतून निसटतील. मग आकडा खोल केला तर? त्यांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या. मग पत्रा हातानं वाकवून पाहिला. सुमतीबाई दुकानातून आल्या की त्या पट्ट्या हातात घेऊन त्यांचं वजन बघायच्या आणि नाक मुरडायच्या. "अजून जड आहे," म्हणायच्या. शेवटी एका पट्टीवर त्यांनी मान डोलावली. मगच हरिहरराव कागद घेऊन बसले. पत्रा किती रुंद, किती जाड, किती वळणांत वाकवायचा, म्हणजे रोलर किती, ते ज्यांच्यावर फिरतात ते शाफ्ट केवढे, मोटर केवढी, हे सगळं त्या एका पट्टीवरून ठरलं. अशी मी जन्माला आले. मला त्या पट्टीसाठीच बनवलं होतं.

सुमतीबाईंच्या दुकानाला माझ्या पट्ट्यांचं पहिलं शटर लागलं. मग शेजारच्या दुकानदारानं तसंच मागितलं. मग पलीकडच्या गल्लीतून लोक आले. हरिहररावांनी नोकरी सोडली आणि एमआयडीसीत एक गाळा भाड्यानं घेतला. तिथेच धोंडीबा माझ्या आयुष्यात आला. तो माणगावकडचा, राहायला दिवा स्टेशनजवळ. त्याचा आवाज मोठा, आणि बोलायला तो कायम तयार. सकाळी मला तेल घालताना विचारायचा, "काय गं, आज कुरकुर कसली? दिव्याला पाणी नाय आलं तरी मी कुरकुर करतो का?" पाणी आलं नाही की तो दिवसभर तेवढीच कुरकुर करायचा, ही गोष्ट वेगळी.

किती चांगले दिवस होते ते! डोंबिवलीतली औषधांची दुकानं, कल्याणच्या भांड्यांच्या पेढ्या, ठाण्याच्या बेकऱ्या, सगळीकडे माझ्या पट्ट्या जात. टेम्पो भरून निघाला की मी त्याच्या मागे बघत राही. ज्या बायका दुकान चालवत त्या तर मुद्दाम विचारत, "ते हलकं शटर तुमच्याकडेच मिळतं ना?" खंडेनवमीला सुमतीबाई मला झेंडूची माळ घालत आणि हरिहरराव माझ्या बेडवर तळहात टेकवून उभे राहत. बेड म्हणजे ज्या लांब लोखंडी पायावर माझे सगळे रोलर बसलेले आहेत तो. त्या तळहाताची ऊब मला दिवसभर पुरे.

मग दिवस पालटले. नव्या दुकानांना काचेचे दरवाजे आले. मोठ्या शोरूमना बटणावर चालणारी रुंद पट्ट्यांची शटरं लागू लागली. ती दुसरीकडच्या मोठ्या कारखान्यांत बनत. माझ्याकडे काम आठवड्यातून एकदा येऊ लागलं, नंतर महिन्यातून एकदा. शेवटी धोंडीबानं माझ्यावर निळी ताडपत्री घातली.

मित्रांनो, मशीनला थकवा येत नाही. पण गप्प उभं राहणं तिला फार जड जातं. ताडपत्रीखाली मला शेजारच्या गाळ्यांतले आवाज ऐकू येत. कुठे प्रेस चाले, कुठे कटर. प्रत्येक आवाजाला वाटे, आता माझीही पाळी येईल. हरिहरराव रोज येत. टेबलाशी बसून पेपर वाचत आणि जाताना ताडपत्रीवरून हात फिरवत. धोंडीबाही येई. काम नसताना तो का येतो असं त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

एके दिवशी गाळ्याच्या मालकानं कळवलं की त्याला जागा विकायची आहे. गाळा रिकामा करायचा होता. हरिहररावांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. मला ते घरी थोडेच नेणार?

मग मला बघायला लोक येऊ लागले.

पहिला आला तो घरांवरचे पत्रे बनवणारा. त्याला रुंद, नागमोडी पत्रा हवा होता. त्यानं टेप काढून माझी रुंदी मोजली आणि हसला. त्याचा पत्रा माझ्यावर ठेवला असता तर दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आला असता. दुसऱ्याला छताच्या सजावटीची रंगीत पट्टी काढायची होती. तिचा पत्रा आधीच रंगवलेला, कागदासारखा पातळ आणि चकचकीत. माझे रोलर शटरच्या पट्टीसाठी घडवलेले. त्यांनी त्या रंगावर असे ओरखडे काढले की तो माणूस हळहळत परत गेला. तिसरा भंगारवाला होता. त्यानं काहीच मोजलं नाही. नुसता माझ्याभोवती फिरला आणि वजनाचा अंदाज बांधला. हरिहररावांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

सुमतीबाई त्या दिवशी डबा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, आपल्या लेकीच्या, कादंबरीच्या लग्नात तुम्ही एवढी स्थळं नाकारली नव्हती."

"कादंबरीनं तिचं तिनं जमवलं होतं," हरिहरराव म्हणाले. "हिला ते जमत नाही."

मग विनीत आला. तिशीतला तरुण, भराभर बोलणारा, पण मनानं चांगला. त्याला सौरऊर्जेच्या पॅनेलखाली लागणारी चॅनेलं बनवायची होती. चॅनेल म्हणजे तीन बाजूंनी बंद आणि वरून उघडी अशी लोखंडी नळीच म्हणा. त्यानं कल्याण-शीळ रस्त्याला नवा गाळा घेतला होता. ऑर्डर हातात होती, मशीन नव्हती.

"काका, मस्त ठेवलीय हो तुम्ही," तो ताडपत्री बाजूला करून म्हणाला. "एक ट्रायल घेऊ या का? पत्रा मी आणलाय."

किती दिवसांनी माझी मोटर सुरू झाली! मला वाटलं, आता मी कुणाच्याही कामाला येईन, काहीही वाकवून दाखवीन. पण विनीतचा पत्रा माझ्या नेहमीच्या पत्र्याच्या दुप्पट जाड होता. पहिल्या जोडीत तो कसाबसा शिरला. दुसऱ्या जोडीत माझे शाफ्ट वाकल्यासारखे झाले. मोटर घुमू लागली. बेअरिंगं तापली. मी सगळा जोर लावला, पण पत्रा पुढे गेला तो पीळ घातलेल्या दोरीसारखा वेडावाकडा होऊन.

"बंद कर! धोंडीबा, बंद कर!" हरिहरराव ओरडले.

धोंडीबानं मोटर बंद केली. विनीतनं तो वाकडा पत्रा हातात घेऊन पाहिला.

"शाफ्ट जाड टाकू, काका. रोलर नवे करू. मोटर मोठी बसवू. मग होईल ना?"

"मग हिचं उरेल काय?"

"बेड उरेल ना. बेड तर सॉलिड आहे."

गाळा सोडायचे दिवस जवळ आले होते आणि भंगारवाल्याचा पुन्हा दोनदा फोन येऊन गेला होता. शेवटी हरिहरराव म्हणाले, "ने." एवढा एकच शब्द, पण तो म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ठरलं असं, की धोंडीबानं माझे रोलर आणि शाफ्ट उतरवून ठेवायचे आणि विनीतनं दुसऱ्या दिवशी टेम्पो आणून बेड न्यायचा. रोलर भंगारात जायचे होते. धोंडीबानं सकाळी काम सुरू केलं. एकेक रोलर काढून, पुसून, तो जमिनीवर ओळीनं मांडत होता. भंगारात जाणाऱ्या वस्तू कुणी पुसून ठेवतं का? पण तो पुसत होता. दुपारपर्यंत मी नुसता सांगाडा उरले.

तेवढ्यात दारात एक बाई आली. चाळिशीची असेल. पंजाबी ड्रेस, डोक्याला रुमाल, हातात एक चेपलेली पट्टी.

"काका, ही पट्टी तुमच्याकडची का?"

हरिहररावांनी पट्टी हातात घेतली. आकड्यावरून अंगठा फिरवला. "आमचीच," ते म्हणाले. "तुम्ही कोण?"

"मी नीला वैती. कोपरीची. शटर दुरुस्त करते. माझे बाबा करायचे, आता मी करते." ती धापा टाकत होती. "आमच्याकडे गोदामावशीची पिठाची गिरणी आहे. टेम्पोवाल्यानं रिव्हर्स घेताना ठोकली. मधल्या पट्ट्या गेल्या आणि शटर अडकलं अर्ध्यावर. ना वर, ना खाली. मावशी दोन दिवस गिरणी सोडून हललेली नाही. अख्खं ठाणं फिरले मी, कल्याणला पण जाऊन आलेले. कुणाचीच पट्टी यात बसत नाही. आकडा लहान पडतो."

"लहानच पडणार. हा आम्ही मुद्दाम खोल केला होता."

"मग दोनचार पट्ट्या भेटतील का? नायतर मावशीला अख्खं शटर बदलावं लागेल. तिला नाय परवडणार, काका."

धोंडीबानं हातातलं फडकं खाली टाकलं. "बाई, काल यायचं ना! आजच हिचे दात काढलेत आम्ही." आणि त्यानं जमिनीवर मांडलेल्या रोलरच्या ओळीकडे बोट दाखवलं.

नीलाचा चेहरा उतरला. ती त्या ओळीकडे बघत उभी राहिली. हरिहररावही बघत होते. तो एक क्षण, मित्रांनो, मी माझ्या आयुष्यात विसरणार नाही. बोलता आलं असतं तर मी काय बोलले असते कुणास ठाऊक.

"धोंडीबा," हरिहरराव हळूच म्हणाले, "परत चढवशील?"

"आणि उद्या परत उतरवायचे?"

"हो."

"कंबर माझी आहे साहेब, तुमची नाय," धोंडीबा म्हणाला. पण म्हणता म्हणता त्यानं पहिला रोलर उचललासुद्धा.

उरलेली दुपार दोघं खपले. नीला न सांगता मदतीला लागली. पाने कुठे ठेवलेत, नट कुठले कुठे जातात, हे ती विचारून घेत होती. चहाच्या वेळेला सुमतीबाई आल्या. विस्कटलेला गाळा बघून त्यांनी पदर खोचला आणि रोलर पुसायला घेतले. संध्याकाळी गुंडाळ्यात उरलेला थोडा पत्रा माझ्या तोंडाशी लावला. हरिहररावांनी स्वतः बटण दाबलं.

पहिली पट्टी जरा तिरकी आली. हरिहररावांनी दोन स्क्रू पिळले. दुसरी सरळ आली. माझ्या अंगातून तो पत्रा जाताना मला काय वाटलं ते कसं सांगू? जोर लावावा लागत नव्हता. प्रत्येक जोडीला आपलं वळण आठवत होतं. नीलानं ताजी पट्टी उचलली, तिच्याकडच्या जुन्या पट्टीच्या आकड्यात टोक दिलं आणि सरकवलं. ती सर्रकन आत गेली.

"बसली!" नीला ओरडली. "काका, बसली!"

सुमतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि पत्र्याची धूळ गेली असं सांगितलं.

पट्ट्या घेऊन निघता निघता नीला थांबली. "काका, ही मशीन मी नेऊ का?"

"अगं, ही दिलेली आहे," हरिहरराव म्हणाले.

"कुणी पट्ट्यांसाठी घेतली?"

"नाही. बेडसाठी."

"ठाण्यात अशी कितीतरी शटरं आहेत अजून," नीला म्हणाली. "कोपरीत, नौपाड्यात, इकडे डोंबिवलीतपण. एक पट्टी गेली की लोक अख्खं शटर भंगारात टाकतात. चांगलं असतं हो, नुसती एक पट्टी गेलेली असते." मग तिला वाटलं असावं आपण जास्त बोललो. ती म्हणाली, "बरं, राहू दे. उद्या येऊन उरलेल्या पट्ट्या नेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी विनीत टेम्पो घेऊन आला तेव्हा मी चालूच होते. उरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या निघत होत्या आणि नीला त्या रचत होती. विनीत दारातच थबकला.

"काका, हे काय? आज न्यायची ठरलेली ना? तुम्ही शब्द दिलेला."

"दिलाय," हरिहरराव म्हणाले. त्यांनी मला बंद केलं. "तू म्हणशील तर आत्ता पुन्हा उतरवतो. पण आधी ऐक. त्या दिवशी तुझा पत्रा पीळ पडून बाहेर आला. तू शाफ्ट जाड करायचे म्हणालास. जाड शाफ्टला हा बेड पुरणार नाही. रोलरमधलं अंतर कमी पडेल आणि तुझं चॅनेल पुन्हा पिळेल. हे मला तेव्हाच दिसत होतं. ही भंगारात जाऊ नये म्हणून मी बोललो नाही. तुझ्याशी वागताना ते बरोबर झालं नाही."

विनीत रागावला होता. ते त्याच्या कानांच्या लाल पाळ्यांवरून दिसत होतं. तो माझ्याभोवती फिरला, बेडवर हात ठेवला, मग काढला.

"आणि माझं काय, काका? माझी ऑर्डर आहे. मी लोकांना थांबवून ठेवलंय."

"तुझं चॅनेल आणलंयस?"

"सॅम्पल आहे गाडीत."

"आण."

विनीत चॅनेल घेऊन आला. हरिहररावांनी ते उजेडात धरलं, त्याची जाडी चाचपली, कोपरे पाहिले, ते उभं आडवं करून बघितलं. त्यांचे डोळे असे लकाकले की मला जुना काळ आठवला.

"याला भोकं कुठे पाडायची आहेत? वाकवायच्या आधी की नंतर?"

"ते… तेच मला कळत नाही, काका."

"बस इथे," हरिहरराव म्हणाले. "आधी हे चॅनेल नीट बघू. मशीन मग आखू. तुझ्या चॅनेलची मशीन."

"झालं," सुमतीबाई म्हणाल्या. "आता यांना जेवणाखाण्याची शुद्ध नाही."

विनीत आधी हसला नाही. पण तासाभरानं दोघं एकाच कागदावर वाकलेले होते आणि विनीतच्या हातात पेन्सिल होती. निघताना तो नीलाला म्हणाला, "ताई, टेम्पो आणलाच आहे. तुमच्याकडे जागा आहे का?"

"आहे," नीला म्हणाली. "अरुंद आहे, पण लांब आहे."

अशी मी ठाण्याला आले. निघताना हरिहरराव टेम्पोपाशी आले. त्यांच्या एका हातात विनीतचं चॅनेल होतं. दुसरा हात त्यांनी माझ्या बेडवर टेकवला. "येतो गं पुढच्या आठवड्यात," ते म्हणाले.

कोपरीतला माझा गाळा रेल्वे स्टेशनच्या जवळ आहे. नीलानं जुन्या पट्ट्यांची डागडुजी करून त्याला शटर लावलं आहे. ती मला जपते. रोज काम नसतं. कधी एका दुकानाची एकच पट्टी, कधी दहाबारा. पट्टी काढताना ती सांगते कुणाची आहे. "ही रंगाच्या दुकानाची. ही वह्या-पुस्तकंवाल्या आजोबांची." गोदामावशीच्या गिरणीचं शटर पुन्हा पूर्ण खाली येतं. त्या नीलाला अधूनमधून भाजणीचं पीठ देतात. धोंडीबा आठवड्यातून दोन दिवस दिव्याहून येतो, मला तेल घालतो आणि नीलाच्या हाताखालच्या लोकांना ओरडतो. मला आणखी काय हवं? माझ्या मापाचं काम मला मिळालं. असं भाग्य सगळ्या जुन्या मशीनना मिळत नाही.

तरी मी वाट बघते.

बाहेर गाडी थांबली की मला वाटतं, आले. पुढचा आठवडा गेला, मग त्याच्या पुढचा. धोंडीबा बातम्या आणतो. विनीतची मशीन उभी राहते आहे. हरिहरराव रोज तिकडे जातात. तिचे रोलर आले. तिची मोटर आली. मग एकदा तो म्हणाला, "चालली गं तुझी धाकटी बहीण. पहिलंच चॅनेल सुतासारखं सरळ आलं. साहेब तर नाचायचे बाकी होते." मला आनंद झाला. आणि दुखलंही. मशीनला दुखतं का, असं तुम्ही विचाराल. मला तरी दुखलं.

मध्यंतरी हरिहरराव आजारी पडले. छातीचं दुखणं होतं. धोंडीबा त्या आठवड्यात तेल घालताना काही बोलला नाही, तेव्हाच मी समजले. ते बरे झाले, पण डॉक्टरांनी त्यांना कारखान्यात जायला मनाई केली.

आणि मग एका दुपारी ते आले.

नीला तेव्हा कल्याणला शिडीवर होती. गाळा बंद होता. आत अंधार. मला बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, मग सुमतीबाईंचा आवाज. "अहो, सांभाळून उतरा. पायरी आहे."

"बंद आहे," हरिहरराव म्हणाले. तोच आवाज. थोडा बारीक झालेला.

त्यांनी नीलाला फोन लावला. पलीकडून नीला घाईघाईनं बोलत असावी. हरिहरराव म्हणाले, "नको, नको, काम अर्धवट टाकून येऊ नकोस. मीच न सांगता आलो. अगं, शिडीवरून नीट उतर आधी." मग ते सुमतीबाईंना म्हणाले, "यायला तासभर लागेल तिला."

"तासभर नाही थांबता येणार. डॉक्टरांची वेळ आहे."

"मग पाच मिनिटं बसू."

ते बाहेर पायरीवर बसले. मी आत, ते बाहेर, आणि मध्ये शटर. त्यांनी शटरला पाठ टेकली तेव्हा पट्ट्या हलकेच वाजल्या. स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती. मला त्या पाच मिनिटांत काय काय करावंसं वाटलं! पण बटण दाबल्याशिवाय मला आवाज नसतो.

मग ते उठले. शटरवर तळहात टेकवला असावा, कारण पट्ट्या पुन्हा एकदा वाजल्या. "पुढच्या वेळी फोन करून येऊ," ते म्हणाले. रिक्षा निघून गेली.

नीला धावतपळत आली तेव्हा पायरी रिकामी होती. तिनं शटर वर केलं आणि ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं गाळ्याची एक किल्ली शेजारच्या शिंप्याकडे ठेवली आणि हरिहररावांना फोन केला. "काका, आता मी असेन नाय तर नसेन. तुम्ही उघडा. शटर हलकं आहे, तुम्हाला उचलता येईल."

ते अजून आलेले नाहीत. त्यांची तब्येत कधी बरी असते, कधी नसते.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, गल्लीत जुन्या वस्तू असतील. एखादी वस्तू निकामी वाटली तर तिला टाकण्याआधी, किंवा दुसऱ्याच कामाला जुंपण्याआधी, ती कशासाठी बनवली होती ते विचारा. तिचं काम कुठेतरी तिला शोधत असेल. तिला वेळेवर तेल घाला, कोरडी ठेवा, तिच्यावर धूळ बसू देऊ नका. आणि ज्यानं ती बनवली तो माणूस तुमच्या ओळखीचा असेल, तर त्याला तिच्याजवळ घेऊन जा. तो म्हणेल, पुढच्या आठवड्यात जाऊ. तुम्ही त्याचा हात धरा आणि म्हणा, आजच चला.